तळणीच्या तेलाची प्रत मोजणारे यंत्र तयार आहे. नोकरी सोडून कंपनी काढावी का?

प्रश्न: सुदामानगरचा अभियंता

नमस्कार. मी इंदूरच्या सुदामानगरात राहतो. वय ३१, शिक्षणाने इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता, आणि गेली आठ वर्षे पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात नोकरी करतो आहे. महाविद्यालयातला माझा मित्र इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. आम्ही दोघांनी दोन वर्षे शनिवार-रविवार खर्चून तळणीच्या तेलाची प्रत मोजणारे, हातात धरता येईल असे एक यंत्र तयार केले आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडल्याने तयार होणारे घटक, वाढत जातात. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे १ जुलै २०१८ पासून ज्या तेलात ही संयुगे २५ टक्क्यांहून अधिक आहेत ते तेल स्वयंपाकासाठी वापरता येत नाही. संयुगे वाढली की तेलाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचे माप) वाढतो, आणि आमचा सेन्सर तोच फरक टिपून दीड मिनिटात आकडा दाखवतो. तत्त्व नवे नाही, परदेशी यंत्रे याच तत्त्वावर चालतात. मात्र आमच्या यंत्राची किंमत त्यांच्या मानाने बरीच कमी राहील, आणि तापमान व तेलाचा प्रकार यांनुसार करावी लागणारी दुरुस्ती आम्ही आपल्याकडे वापरात असलेल्या सोयाबीन, शेंगदाणा, सरकी आणि पामतेलावर घासून पाहिली आहे.

एका यंत्राच्या सुट्या भागांना आणि जोडणीला साधारण ९,००० रुपये लागतात, आणि ते १८,००० रुपयांना विकावे असा आमचा विचार आहे. गेले चार महिने शहरातल्या तीन नमकीन कारखान्यांत तीन यंत्रे वापरून पाहण्यासाठी दिली आहेत. तिन्ही मालक यंत्र उत्तम असल्याचे सांगतात, आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात, आणि बाजारात कधी आणता असेही विचारतात.

आता पुढचे पाऊल टाकायचे आहे. माझे मामा १५ लाख रुपये द्यायला तयार आहेत. मित्राचे म्हणणे असे की ताबडतोब प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढावी, कंपनीतले दोघांचे भाग (शेअर) निम्मे-निम्मे ठेवावेत आणि २०० यंत्रांचे सुटे भाग एकदमच मागवावेत, कारण २०० नगांना भाव चांगला मिळतो. मी नोकरी सोडून पूर्ण वेळ द्यावा आणि तो सध्या नोकरीत राहून संध्याकाळी काम करील, असे आमचे ठरत आहे. माझ्यावर घराच्या कर्जाचा दरमहा २४,००० रुपयांचा हप्ता आहे. पत्नी शाळेत शिकवते, तिच्या पगारात घरखर्च कसाबसा निघेल. कंपनी, नोकरी, मामांचे पैसे आणि २०० नग या चारही गोष्टींबद्दल, विशेषतः ज्यांनी इंदूरमध्ये स्वतः व्यवसाय केला आहे त्यांच्याकडून, मोकळे मत हवे आहे.

उत्तर: पालद्याचे शेववाले

मी अठ्ठावीस वर्षे शेव आणि नमकीन तयार करतो आहे, त्यामुळे कंपनी आणि कायदा यांविषयी न बोलता कढईविषयी बोलतो.

ज्या तीन ठिकाणी आपण यंत्रे दिलीत, ती ठिकाणे मला चुकीची वाटतात. मालक खोटे बोलतात असे मी म्हणत नाही, पण त्यांना ज्या वस्तूची गरज नाही तिचे कौतुक करायला त्यांना काही खर्च येत नाही. कारण समजून घ्या. तयार शेवेच्या वजनात तेलाचा वाटा ढोबळमानाने एक तृतीयांश असतो. रोज ५०० किलो शेव काढणाऱ्या कारखान्यात म्हणजे दिवसाला १६५ किलोच्या आसपास तेल मालाबरोबर पाकिटात जाते, आणि तितकेच, म्हणजे १५ किलोचे अकरा डबे, नवे तेल दिवसभरात कढईत पडते. कढईत मुळात दीडशे किलो तेल मावत असेल, तर दिवसाअखेरी त्यातला बराच मोठा भाग नवा झालेला असतो. चालू कारखान्याचे तेल जुने होण्याआधीच शेवेत निघून जाते. तळाशी बसलेला चुरा गाळला नाही तर रंग काळवंडतो हे खरे, पण तो गाळणीचा प्रश्न आहे, त्यासाठी यंत्र लागत नाही. आपल्या तीन कारखान्यांतले चार महिन्यांचे आकडे आपल्याकडे असतीलच. ते पाहा. माझा अंदाज असा की एकदाही २० च्या वर गेलेले नसतील.

याच्या उलट समोसा, कचोरी, आलूवडा यांचे दुकान घ्या. कढई लहान, वीस किलो तेलाची. माल तेल कमी पितो, म्हणून नवे तेल कमी पडते. समोशातले आणि वड्यातले पाणी तेलात उतरते, आणि गरम तेलाला पाणी लागले की ते लवकर फाटते. दुपारी गिऱ्हाईक नसते तरी भट्टी मंद चालूच असते. रात्री तेल थंड होते, सकाळी पुन्हा तापते. असे तेल चार दिवसांत म्हातारे होते, आणि ते कधी बदलायचे याचा निर्णय कारीगर फेस आणि धूर पाहून घेतो. काही कारीगर दोन दिवस आधीच तेल काढून टाकतात आणि मालकाचे नुकसान करतात, काही आठवडाभर ओढतात आणि गिऱ्हाइकाचे करतात. दोन्ही ठिकाणी आपल्या आकड्याला किंमत आहे. वसतिगृहांच्या खानावळी, कारखान्यांची उपाहारगृहे, रुग्णालयांची स्वयंपाकघरे, लग्नाचे मोठे केटरर, हेही सगळे याच वर्गातले.

एक गोष्ट मात्र शेववाल्यांनाही लागू आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीसाठी वापरणाऱ्यांनी तेलाच्या वापराची व काढून टाकलेल्या तेलाची नोंद ठेवावी आणि ते तेल अधिकृत संकलकालाच द्यावे, असा नियम मार्च २०१९ पासून आहे. ही नोंदवही बहुतेक ठिकाणी घाईने, तपासणी जवळ आली की भरली जाते. मला स्वतःला १८,००० रुपयांचे यंत्र नको आहे. पण महिन्यातून दोनदा कुणी येऊन तेल मोजेल, नोंदवही नीट लिहील आणि आकडा वाढत असेल तर सांगेल, अशा माणसाला मी दरमहा पैसे देईन. यंत्र माझ्याकडे राहिले तर तीन महिन्यांत त्याचा सेन्सर तेलाच्या थराने बुजणार आणि ते कपाटात जाणार, हे मी माझ्याच कारखान्याचा अनुभव घेऊन सांगतो आहे. वजनकाटा सोडला तर आमच्याकडे एकही मोजण्याचे साधन नीट जपले जात नाही.

म्हणून माझा सल्ला एवढाच की पुढच्या सोमवारी त्या तीन मालकांकडे जाऊन सांगा की चाचणीची मुदत संपली असून १ तारखेपासून यंत्राचे महिन्याचे भाडे लागेल. आकडा स्पष्ट सांगा आणि त्यांना विचार करायला वेळ द्या. जो पैसे काढील तो आपला ग्राहक समजा. ज्याने यंत्र परत दिले, त्याच्याकडे शांतपणे बसून कारण विचारा, कारण आपल्या पुढच्या वर्षाची दिशा त्या उत्तरात आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: सुदामानगरचा अभियंता

काका, आपले उत्तर वाचल्यावर रात्रीच सगळ्या नोंदी काढून पाहिल्या. तिन्ही कारखान्यांतले सर्व आकडे ११ ते १७ च्या दरम्यान आहेत. चार महिन्यांत आम्ही हे आकडे यंत्र बरोबर मोजते याचा पुरावा म्हणून पाहत होतो, ग्राहकाला यंत्राची गरज नाही याचा पुरावा म्हणून पाहिलेच नव्हते. माझ्या कारखान्याच्या उपाहारगृहात मात्र गंमत म्हणून दोनदा मोजले होते. एकदा २४ आला होता आणि एकदा २७. तेव्हा आम्हाला यंत्रच चुकले असे वाटले आणि आम्ही पुन्हा कॅलिब्रेशन केले.

उत्तर: तिलकनगरचा सीए

वर शेववाल्या काकांनी मुळावर बोट ठेवले आहे, आणि त्यामुळे २०० नगांचा प्रश्न निम्मा सुटला आहे. तरीही हिशेब मांडतो, कारण असेच गणित माझ्याकडे येणारे अनेक तरुण करतात.

२०० नग गुणिले ९,००० म्हणजे १८ लाख. मामांचे १५ लाख पहिल्याच खरेदीत संपून वर तीन लाख कमी पडतात, आणि अजून जाहिरात, प्रवास, साचा, दुरुस्तीसाठी परत आलेले नग, आपला स्वतःचा पगार यांपैकी काहीच धरलेले नाही. जीएसटी १८ टक्के धरला, तर खरेदीवर आणखी ३ लाख २४ हजार आधी द्यावे लागतील. हा कर पुढे विक्रीवरच्या करातून वजा होतो, बुडत नाही. १८,००० च्या यंत्रावर ३,२४० रुपये कर येतो, म्हणजे पहिली १०० यंत्रे विकेपर्यंत आपल्याला विक्रीवरचा कर रोख भरावा लागणार नाही. पण तोपर्यंत ती रक्कम आपली अडकलेलीच राहील, आणि शंभराव्या नगानंतर मात्र ग्राहकाने पैसे दिले असोत वा नसोत, बिल फाडले की पुढच्या महिन्यात कर भरावाच लागेल. इंदूरच्या बाजारात उधारी किती दिवसांची असते हे आपल्याला ठाऊक आहे. सियागंजात माल उचलणारा व्यापारी साठ दिवस सहज धरतो, आणि नव्या पुरवठादाराला तर आणखी थांबवतो. उत्पादनाच्या भावात नगामागे हजार रुपये वाचवण्यासाठी वीस लाखांहून अधिक रक्कम गोदामात ठेवणे मला कोणत्याही अंगाने पटत नाही, विशेषतः ज्या यंत्रात पहिल्या वर्षात चार तरी बदल होणार आहेत त्याच्या बाबतीत. वीस नग महाग पडले तरी वीसच करा.

उधारीवरचा एक उपाय आजच करून ठेवावा. उद्योगाची ‘उद्यम’ ही लघुउद्योगांसाठीची सरकारी नोंदणी करा. ती विनामूल्य आहे, त्यासाठी कुणा दलालाला पैसे देऊ नयेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बिलाची रक्कम लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावी लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते, असे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात आहे. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात अशी तरतूद आली की मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीसाठी दाखवता येत नाही. लहान दुकानदाराला याचे फारसे वाटणार नाही, पण मोठ्या उपाहारगृहांच्या आणि केटररांच्या लेखा विभागाला मार्चमध्ये ही तरतूद नेमकी आठवते. बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्या.

आता मामांचे पैसे. येथे बहुतेकांची चूक होते, म्हणून सविस्तर सांगतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने संचालक किंवा संचालकाचे नातेवाईक सोडून बाहेरच्या व्यक्तीकडून कर्ज घेतले तर ती ठेव समजली जाते आणि ठेवी स्वीकारण्यावर कडक बंधने आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यातील नातेवाइकांच्या यादीत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ आणि बहीण आहेत. मामा त्या यादीत नाहीत. म्हणजे मामांनी कंपनीच्या खात्यात सरळ १५ लाखांचे कर्ज जमा केले तर पहिल्याच ताळेबंदात अडचण उभी राहील. आपण मामांकडून उसने घेऊन संचालक म्हणून कंपनीला द्यावे असेही सुचवले जाते, पण संचालकाला ही रक्कम उसनी घेतलेली नाही असे लिहून द्यावे लागते, त्यामुळे तो मार्गही बंद आहे. आयकर कायद्यात मात्र आईचा भाऊ नातेवाईक आहे. मामांनी आपल्याला भेट म्हणून रक्कम दिली तर तिच्यावर आपल्याला आयकर लागत नाही, आणि ती आपण भांडवल म्हणून कंपनीत घालू शकता. त्यासाठी साधे भेटपत्र करून ठेवावे. मामांना रक्कम परत हवी असेल तर ती भेट नव्हे, हे त्यांच्याशी आणि मामींशी आधी स्पष्ट बोलून घ्या. परत हवी असल्यास मामांना भागधारक करून घ्यावे, किंवा कंपनीऐवजी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढावी, कारण एलएलपीला मामांकडून कर्ज घेण्यात ठेवींच्या त्या नियमांचा अडथळा नाही. कोणताही मार्ग घेतला तरी पैसे बँकेतूनच यावेत. २०,००० किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोख घेणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे.

कंपनी की एलएलपी, याचे उत्तर आपण पुढच्या दोन वर्षांत बाहेरचा गुंतवणूकदार आणणार का यावर अवलंबून आहे. आणणार असाल तर प्रायव्हेट लिमिटेड, कारण गुंतवणूकदारांना भाग घेणे त्यात सोपे जाते. नसाल तर एलएलपी पुरेशी आहे. ४० लाखांपर्यंत उलाढाल आणि २५ लाखांपर्यंत भांडवल असेल तर तिचे लेखापरीक्षणही सक्तीचे नाही, कंपनीला मात्र पहिल्या वर्षापासून, एक रुपयाची विक्री नसली तरी, लेखापरीक्षण करावेच लागते आणि वार्षिक विवरणपत्रे उशिरा भरल्यास प्रत्येक पत्रामागे दिवसाला १०० रुपये वाढत जातात. बंद पडलेल्या कंपन्यांची अशी थकलेली रक्कम भरताना मी मुलांचे चेहरे पाहिले आहेत. केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडिया योजनेची मान्यता दोन्हीला मिळते. एकल मालकीला मात्र ती मिळत नाही.

उत्तर: लोकमान्यनगरची एक उद्योजिका

सीए दादांनी पैशांविषयी सांगितले, त्यामुळे मी निम्म्या-निम्म्या भागांविषयी लिहिते, कारण माझा पहिला व्यवसाय त्याच कारणाने गेला.

माझी आणि माझ्या मैत्रिणीची समान भागीदारी होती. पहिल्या दिवशी दोघींचे श्रम समान होते, म्हणून ते न्याय्य वाटले. चौदा महिन्यांनी तिच्या यजमानांची बदली झाली, ती गेली, आणि मी पुढची अडीच वर्षे पूर्ण वेळ काम करीत राहिले तरी निम्मा व्यवसाय तिचाच राहिला. तिने काही वाईट केले नाही. आम्ही ठरवलेच नव्हते की कुणी निघून गेले तर काय. नंतर एक खरेदीदार आला, तेव्हा तिच्या सहीशिवाय काही होईना, आणि तिला वाटले की मी तिला कमी देते आहे. अजूनही आमचे बोलणे नाही, आणि हे लिहिताना मला त्याचे वाईट वाटते आहे.

आपल्याकडे तर पहिल्याच दिवशी श्रम समान नाहीत. आपण नोकरी सोडणार, हप्त्याचा भार घेणार, मामांचे पैसे आणणार, आणि मित्र पगार सुरक्षित ठेवून संध्याकाळी काम करणार. तो चांगला मित्र असेल तर हे त्यालाही दिसत असेल. भाग कितीही ठेवा, पण ते एकदम हाती न पडता चार वर्षांत हळूहळू मिळत जावेत आणि पहिल्या वर्षाच्या आत जो निघून जाईल त्याला काहीही मिळू नये, अशी अट भागधारकांच्या करारात घाला. ही पद्धत आता सर्वत्र रूढ आहे, त्यामुळे मित्राला त्यात अविश्वास वाटण्याचे कारण नाही. तो ज्या दिवशी नोकरी सोडून पूर्ण वेळ येईल त्या दिवसापासून त्याला भाग मिळण्याचा वेग वाढावा, असेही लिहिता येते. पैशांचा वाटा आणि श्रमांचा वाटा वेगवेगळा मोजावा. मामांच्या रकमेचे भाग आपल्या श्रमांच्या भागांत मिसळू नयेत.

आणखी दोन कागद आहेत, आणि ते मला भागांइतकेच महत्त्वाचे वाटतात. पहिला, आपले नेमणूकपत्र. अनेक कारखान्यांच्या नेमणूकपत्रात असे कलम असते की नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने लावलेला शोध मालकाचा. काही ठिकाणी ते कलम फक्त कंपनीच्या कामाशी निगडित शोधांपुरते असते, काही ठिकाणी सरसकट. आपले आणि मित्राचे, दोघांचीही पत्रे काढून एखाद्या वकिलाला दाखवा. कारखान्याचे साहित्य, संगणक किंवा प्रयोगशाळा या कामासाठी कधी वापरली असेल तर तेही वकिलाला खरे सांगा. उपाहारगृहात जाऊन मोजलेत, हे मी वर वाचले आणि मला थोडी काळजी वाटली.

दुसरा, पेटंट. तत्त्व जुने असले तरी तापमान आणि तेलाच्या प्रकारानुसार दुरुस्ती करण्याची आपली रीत नवी असेल तर तिचा विचार करावा. मात्र शोध आधी उघड झाला की नावीन्य जाते. तीन कारखान्यांना यंत्र देताना गोपनीयतेचे काही लिहून घेतले होते का? नसेल तर विलंब न करता पेटंट एजंटाला भेटा आणि यंत्रे दिल्याची तारीख त्याला सांगा. प्राथमिक अर्ज व्यक्तीला किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअपला १,६०० रुपयांत ऑनलाइन भरता येतो आणि पूर्ण अर्जासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. ट्रेडमार्कचा अर्जही अशा अर्जदारांना ४,५०० रुपयांत होतो, इतरांना ९,००० लागतात. यंत्राचे नाव लोकांच्या तोंडी बसण्याआधी हे करावे.

उत्तर: एका रुग्णालयाच्या भोजनविभागातून

आमच्या स्वयंपाकघरात रोज सुमारे ९०० जणांचा स्वयंपाक होतो आणि तळणी कमी असली तरी आहेच. मी खरेदीच्या बाजूने थोडे लिहितो. आपल्या यंत्राचा आकडा आम्हाला रोजच्या निर्णयासाठी उपयोगी पडेल, पण अधिकाऱ्यांपुढे किंवा वादात तो चालणार नाही. तेथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो. हे आपण विक्री करताना आपणहून सांगितलेत तर माझा विश्वास वाढेल. दहा-बारा तेलांचे नमुने अशा प्रयोगशाळेत पाठवून, आपला आकडा आणि त्यांचा आकडा शेजारी शेजारी मांडलेला एक कागद तयार करा. माझ्या वरिष्ठांकडे जाताना मला माहितीपत्रकापेक्षा तो कागद हवा आहे. तसेच तळणी चालू असताना, बुडबुडे येत असताना मोजले तर आकडा चुकतो का, आणि किती वेळ थांबावे, हे आमच्या स्वयंपाक्याला हिंदीत दोन ओळींत लिहून द्या.

उत्तर: रामबागेतून

माझे मत वरच्या मंडळींपेक्षा थोडे वेगळे आहे. सगळे सावधगिरीचे सांगत आहेत आणि ते बरोबरही आहे, पण आपले खरे ग्राहक म्हणजे उपाहारगृहे, केटरर आणि कचोरीवाले, आणि त्यांना रविवारी भेटता येत नाही. रविवारी त्यांना मान वर करायला सवड नसते. नोकरीत राहून शनिवार-रविवार यंत्र तयार करता येते, विकता येत नाही. म्हणून नोकरी सोडू नका असे मी म्हणणार नाही. शिल्लक रजा किती आहे ते पाहा, जमल्यास सहा आठवड्यांची बिनपगारी रजा मागा, आणि त्या सहा आठवड्यांत फक्त विक्री करा, यंत्राला हात लावू नका. हप्त्याचे दोन महिने मामांच्या पैशांतून न काढता स्वतःच्या बचतीतून काढा. सहा आठवड्यांत पैसे देणारे दहा ग्राहक मिळाले तर नोकरी सोडण्याचा प्रश्न आपल्याला विचारावा लागणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: सुदामानगरचा अभियंता

सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते सांगतो, कारण आपण एवढा वेळ दिलात.

तिन्ही कारखान्यांत जाऊन महिना ६०० रुपये भाडे सांगितले. दोघांनी यंत्र सन्मानाने परत केले. एकाने, जे शेवेबरोबर समोसेही तळतात, समोशाच्या कढईसाठी ठेवून घेतले आणि दोन महिन्यांचे पैसे लगेच दिले. ते १,२०० रुपये म्हणजे आमची पहिली कमाई. २०० नगांचा विचार सोडला असून पंधरा नगांचे भाग मागवतो आहोत. ते आमच्या दोघांच्या बचतीतून होईल, त्यामुळे मामांना सध्या थांबायला सांगितले आहे. त्यांना थोडे वाईट वाटले, पण नातेवाइकांच्या यादीत ते नाहीत हे ऐकून त्यांनी स्वतःच्या सीएंना फोन केला आणि मग मान्य केले. नेमणूकपत्रातले कलम ‘कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित’ शोधांपुरते आहे, वकिलांना शुक्रवारी भेटतो आहे. मित्राशी भागांविषयी बोलणे व्हायचे आहे. ते अवघड जाईल, पण उद्योजिका ताईंचा अनुभव मी त्याला जसाच्या तसा वाचायला देणार आहे.

रजा चार आठवड्यांची मंजूर झाली आहे. आता शेववाल्या काकांना एक शेवटचा प्रश्न. कचोरी-समोशाच्या दुकानांत मालकाला दिवसाच्या कोणत्या वेळी भेटावे?

उत्तर: पालद्याचे शेववाले

दुपारी अडीच ते चार. सकाळी पोह्यांची आणि कचोरीची गर्दी असते आणि पाच वाजता संध्याकाळचा घाणा सुरू होतो. सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाण्याच्या दुकानवाल्यांकडे मात्र त्यांच्या घरी किंवा कारखान्यावर दुपारीच जा, भट्टी पेटल्यावर कुणी बोलणार नाही. पहिल्या भेटीत यंत्र पिशवीतच ठेवा आणि तेल किती दिवसांनी बदलता, काढलेल्या तेलाचे काय करता, डबे महिन्याला किती लागतात, एवढेच विचारा. आणि मोजताना कारीगराला बाजूला सारू नका, आकडा आधी त्याला वाचू द्या. यंत्र आपली चूक पकडायला आणले आहे असे त्याला वाटले तर मालकाने विकत घेऊनही ते वापरले जाणार नाही. पुढच्या आठवड्यात पालद्याला या, मी ज्यांच्याकडून समोसे मागवतो त्या दोघांशी बोलून ठेवतो.